इन्शुलिनचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम आणि मेंदूचा रुग्ण

आमच्या अतिदक्षता विभागात इन्शुलिनची मात्रा ठरवणारा एक संगणक प्रोग्राम गेली दोन वर्षे वापरात आहे. विभाग मेंदूच्या रुग्णांचा आहे. डोक्याला मार लागलेले, मेंदूत रक्तस्राव झालेले, पक्षाघाताचे आणि गाठीची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण येथे असतात, आणि मी २००५ पासून तेथे परिचारिका आहे. प्रोग्रामचे किंवा तो विकणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. माझ्या तक्रारींपैकी काही मूळ उत्पादनाच्या आहेत, तर काही आमच्याकडे तो ज्या रीतीने बसवला गेला त्याच्या आहेत, आणि त्यांची वाटणी मी बसल्या जागी करू लागले तर कोणावर तरी अन्याय होईल. शिवाय या जातीचे बरेच प्रोग्राम एकाच सूत्रावर उभे आहेत, त्यामुळे येथे लिहिलेले प्रश्न दुसरा कोणताही प्रोग्राम घेताना विचारता येतील.

आधी त्याचे काम सांगते. रुग्णाच्या रक्तातील साखर मोजायची, आकडा पडद्यावर भरायचा, आणि प्रोग्राम सांगेल तो वेग सिरिंज पंपावर लावायचा. पंपात ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट साधे इन्शुलिन असते, म्हणजे एक मिलीला एक युनिट, त्यामुळे डोक्यात गुणाकार करावा लागत नाही. आतले सूत्रही गुप्त नाही. मोजलेल्या साखरेतून ६० वजा करायचे आणि उरलेल्याला एका गुणकाने गुणायचे. हा गुणक सुरुवातीला ०.०२ असतो. साखर २६० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर असेल तर २०० गुणिले ०.०२, म्हणजे ताशी ४ युनिट. तासाभराने साखर २४० वरच रेंगाळत असेल तर रुग्णाचे शरीर इन्शुलिनला दाद देत नाही असे समजून प्रोग्राम गुणक ०.०३ करतो आणि वेग ५.४ वर नेतो. पुढे साखर ठरवलेल्या पट्ट्यात, समजा १५० वर, आली की गुणक तोच राहतो, पण वेग आपोआप २.७ वर उतरतो. पट्ट्याच्याही खाली गेली तर गुणक एक पायरी मागे येतो. रुग्ण कसा वागतो ते पाहून पुढची मात्रा ठरवायची, हे अनुभवी परिचारिका मनातल्या मनात करतेच. प्रोग्राम तेच न विसरता करतो.

या प्रोग्रामआधी आमच्याकडे कागदी तक्ता होता. मी नोकरीला लागले तेव्हा त्या तक्त्याच्या डोक्यावर ८० ते ११० असे उद्दिष्ट छापलेले होते. २००१ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन येथे शस्त्रक्रियेच्या अतिदक्षता विभागातील १५४८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात साखर इतकी काटेकोर ठेवल्याने विभागातील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले होते, आणि त्यानंतर जगभरच्या विभागांनी ते आकडे भिंतीवर लावले. त्या वर्षांत आम्ही साखर खाली आणायला जितके धावलो, तितकेच ती वर चढवायलाही धावलो. रात्रपाळीत डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजच्या द्रावणाची, बाटली हातात घेऊन पळणे हा जणू कामाचा भाग होता. २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ या ६१०४ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. काटेकोर गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले होते आणि सैल गटात २४.९ टक्के, साखर ४० किंवा त्याहून खाली जाण्याचे प्रमाण अनुक्रमे ६.८ आणि ०.५ टक्के होते. आमच्या तक्त्यावरचा आकडा बदलायला त्यानंतरही बरेच महिने लागले, आणि आज आमचे उद्दिष्ट १४० ते १८० आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, प्रोग्राम विकायला येणारे लोक अजूनही आलेख दाखवतात तो ‘उद्दिष्टाच्या पट्ट्यात किती टक्के वेळ’ याचा. आलेख खोटा नसतो. आमच्या विभागातही कागदी तक्त्याच्या तुलनेत साखरेचे चढउतार डोळ्यांना दिसण्याइतके कमी झाले आहेत. पण मेंदूच्या रुग्णाच्या बाबतीत मी आधी पट्ट्याची खालची कड पाहते. साखर तिथे पोहोचली, की हा प्रोग्राम काय करतो, किती वेळात करतो, आणि तिथे पोहोचण्याआधी काही बोलतो की नाही, एवढ्यावरच मी त्याला गुण देईन.

एका रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या पत्नीने भेटीच्या वेळी मला विचारले होते, “सिस्टर, ह्यांना आयुष्यात कधी डायबेटिस नव्हता हो, मग हे इन्शुलिन कशाला लावलंय?” हा प्रश्न आम्हाला आठवड्यातून एकदा तरी येतो. मी त्यांना म्हणाले, “काकू, एवढा मोठा आघात झाला की शरीर स्वतःच साखर वाढवतं. हा नेहमीचा डायबेटिस असेलच असं नाही.” आघातानंतर ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल आणि ग्लुकॅगॉन ही संप्रेरके यकृतातून साखर बाहेर काढतात आणि इन्शुलिनचा परिणाम बोथट करतात, हे त्यामागचे कारण. मग काकूंनी जे विचारले ते मला अधिक महत्त्वाचे वाटले: “मग एकदम नॉर्मल का नाही करत?”

त्याचे उत्तर मेंदूच्या खाण्याच्या सवयीत आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा वापरतो, आणि त्याच्याकडे साठा म्हणावा असा जवळपास काहीच नसतो. रक्तातून मेंदूत साखर शिरायला इन्शुलिनची गरज लागत नाही. रक्तात किती आहे त्यावर आत किती जाणार ते ठरते. म्हणून इन्शुलिन देऊन रक्तातील साखर उतरवली की मेंदूच्या ताटातलेही कमी होते. जखमी मेंदूला पहिल्या काही दिवसांत उलट अधिक साखर लागू शकते. मेंदूत बारीक नळी ठेवून तेथील द्रवाची रासायनिक तपासणी करण्याची एक पद्धत आहे, तिला मायक्रोडायलिसिस म्हणतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अवघ्या २० रुग्णांच्या एका अभ्यासात या पद्धतीने असे दिसले की, रक्तातील साखर ८० ते १२० असताना मेंदूतील साखर धोक्याच्या पातळीखाली असण्याचे प्रमाण ६५ टक्के होते, आणि १२१ ते १८० असताना ३६ टक्के. अभ्यास छोटा आहे. पण ज्या आकड्याला प्रयोगशाळा ‘सामान्य’ म्हणते त्या आकड्यावर मेंदू उपाशी असू शकतो, ही गोष्ट त्याने आमच्या विभागातल्या प्रत्येकाच्या मनावर ठसवली.

साखर मोकाट सोडूनही चालत नाही. जास्त साखरेने मेंदूची इजा वाढते, जंतुसंसर्ग वाढतो, आणि साधारण १८० च्या वर ती लघवीतून पाणी ओढून नेऊ लागते. या शेवटच्या गोष्टीचा त्रास आमच्याकडे वेगळाच होतो. पिट्युटरी ग्रंथीजवळची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची लघवी वाढली की सर्वांच्या डोक्यात आधी डायबेटिस इन्सिपिडस (संप्रेरक कमी पडल्याने भरमसाट लघवी होण्याचा, साखरेशी संबंध नसलेला विकार) येतो, सोडियमच्या तपासण्या सुरू होतात, आणि कधीकधी मूळ कारण नुसती वाढलेली साखर निघते.

आता त्या खालच्या कडेकडे वळते. प्रोग्राम आमच्याकडे आला तेव्हा ‘साखर कमी’ असा इशारा देण्याची मूळ मर्यादा ७० होती. सर्वसाधारण अतिदक्षता विभागासाठी ती ठीक आहे. परंतु अमेरिकेतील सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मेंदूच्या इजेच्या रुग्णांसाठी वेगळी ओळ लिहिली होती. इतरांमध्ये ७० च्या खाली, पण या रुग्णांमध्ये १०० च्या खाली साखर गेली की इन्शुलिन थांबवून १० ते २० ग्रॅम ग्लुकोज शिरेतून द्यावे, असे त्यात होते. आणि वरचे सूत्र पुन्हा पाहा: साखरेतून ६० वजा करायचे. म्हणजे सूत्र एकटे सोडले तर इन्शुलिनचा वेग शून्य होतो तो साखर ६० वर आल्यावर. साखर ९० असतानाही गुणक ०.०३ असेल तर पंप ताशी ०.९ युनिट देतच राहील. प्रोग्राम बनवणाऱ्यांना हे ठाऊक असते, म्हणून त्यांनी खालची मर्यादा बदलण्याची सोय ठेवलेली आहे. ती आहे मात्र अशा पानावर, जे फक्त मुख्य लॉगिनने उघडते आणि जे आम्हाला प्रशिक्षणात दाखवलेच गेले नव्हते. आमच्या विभागप्रमुखांनी ते पान शोधून मर्यादा १०० केली, तोपर्यंत पाच आठवडे गेले होते. नवीन घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे पान उघडून मागावे.

दुसरी खोट डेक्स्ट्रोजच्या मात्रेत सापडली. साखर कमी आली की पडदा लाल होतो आणि ‘इतके मिली डेक्स्ट्रोज द्या’ असे दाखवतो. त्याचेही सूत्र आहे: १०० मधून साखर वजा करायची आणि ०.४ ने गुणायचे. साखर ६० असेल तर उत्तर १६ मिली येते. हे १६ मिली ५० टक्के डेक्स्ट्रोजचे आहेत असे प्रोग्राम गृहीत धरतो, म्हणजे ८ ग्रॅम ग्लुकोज. आमच्या कपाटात असते २५ टक्क्यांचे. पडद्यावर टक्केवारी होती, पण खाली बारीक करड्या अक्षरांत, आणि साखर ६० आलेल्या रुग्णाजवळ उभी असलेली परिचारिका बारीक अक्षरे वाचत बसत नाही. पहिल्या महिन्यात निदान दोनदा रुग्णाला हवे त्याच्या निम्मे ग्लुकोज गेले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासण्याचा नियम असल्यामुळे ते लक्षात आले आणि भरून काढता आले. कंपनीला कळवल्यावर पुढच्या आवृत्तीत टक्केवारी निवडण्याची सोय आली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तरीही मिलीऐवजी ग्रॅम ठळक अक्षरांत का दाखवत नाहीत, ते मला अजून समजलेले नाही.

सर्वांत जास्त शिकवले ते एका रात्रीच्या सीटीने. डोक्याला मार लागलेला तरुण रुग्ण होता, व्हेंटिलेटरवर आणि गुंगीच्या औषधांवर. पहाटे तीनच्या सुमारास उजव्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, जी मेंदूवर दाब वाढल्याची खूण असू शकते, आणि तातडीने सीटी करायचे ठरले. न्यायच्या आधी नाकातील नळीतून चाललेले फीड आम्ही बंद केले, ते योग्यच होते. इन्शुलिनचा पंप इतर चार पंपांबरोबर बॅटरीवर रुग्णासोबत गेला, ३.२ च्या वेगाने. पन्नास मिनिटांनी परत आलो तेव्हा प्रोग्रामच्या घड्याळात पुढच्या तपासणीला अजून दहा मिनिटे बाकी होती आणि पडदा हिरवा होता. माझ्यासोबतच्या नवीन मुलीने, कोणी न सांगता, आधीच रक्त घेतले. साखर ८१ होती. हा आकडा कोणत्याही चाचणीच्या कागदावर खुणेशिवाय छापला जाईल. बोलता येणारा रुग्ण अशा वेळी अस्वस्थ वाटते, भूक लागली आहे, हात थरथरतात असे काहीतरी सांगतो. गुंगीतला रुग्ण काही सांगत नाही, आणि त्याची बाहुली कशामुळे मोठी झाली याचा विचार करणाऱ्या कोणाच्या मनात त्या घाईत साखर येत नाही.

प्रोग्रामला फीड बंद झाल्याचे माहीत नव्हते, कारण आम्ही त्याला सांगितले नव्हते. सांगण्याची सोय आहे. ‘आहारात बदल’ असे बटण आहे आणि ते दाबले की प्रोग्राम वेग कमी करून तपासणी लवकर मागतो. पण ते बटण दुसऱ्या पानावर आहे आणि रुग्ण हलवताना संगणकाजवळ कोणी नसते. फीड सीटीसाठीच थांबते असे नाही; ते श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेआधी थांबते, पोटात शिल्लक जास्त निघाली म्हणून थांबते, नळी उपसली गेली म्हणून थांबते. कागदी तक्त्याच्या काळातही ही चूक होत असे, त्यामुळे तिचे खापर मी प्रोग्रामवर फोडत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, हिरवा पडदा पाहून जी निश्चिंतता येते, ती कागदाच्या काळात येत नसे. त्या रात्रीनंतर आम्ही प्रत्येक फीड पंपावर लाल चिकटपट्टी लावली: ‘फीड बंद, इन्शुलिन बंद, डॉक्टरांना विचारा’. दोन वर्षांत विभागात झालेली सर्वांत उपयोगी सुधारणा बहुधा हीच असावी, आणि ती प्रोग्राममध्ये नाही.

आकडा चुकीचा भरला गेला तर काय, हाही प्रश्न आहेच. एका दुपारी एका रुग्णाची साखर एका तासात १५२ वरून ४१२ झाली. प्रोग्रामने आकडा मुकाट्याने घेतला आणि ७ युनिटचा वेग सांगितला. रक्त घेतले होते त्याच हाताच्या वरच्या शिरेतून डेक्स्ट्रोज असलेले सलाइन चालू होते. दुसऱ्या हाताचे रक्त घेतले तर साखर १४८ निघाली. कागदी तक्ता वापरणारी कोणतीही जाणती परिचारिका ४१२ पाहून थबकली असती, आणि आमची सिस्टरही थबकलीच; परंतु ज्या यंत्राला आधीचा आकडा ठाऊक आहे त्याने ‘एवढी उडी खरी आहे का, पुन्हा तपासा’ असे विचारणे ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे. हा धोका काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये आर्टेरियल लाइनच्या (धमनीत ठेवलेल्या, रक्ताचे नमुने घेण्याच्या नळीच्या) पिशवीत सलाइनऐवजी ग्लुकोज लावले गेल्यामुळे खोटी वाढलेली साखर दिसून, इन्शुलिन देत राहिल्याने रुग्णांच्या मेंदूला इजा झाल्याच्या घटना घडल्या, आणि २००८ मध्ये तेथील राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा संस्थेने त्याबद्दल इशारा काढला होता.

ग्लुकोमीटरच्या आकड्यावर हा प्रोग्राम चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटाचे रक्त घरी ठीक असते. रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनलिनवर असलेल्या, बोटे गार पडलेल्या, अंगावर सूज असलेल्या रुग्णाच्या बोटातले रक्त त्याच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताबद्दल भरवशाचे काही सांगत नाही. त्यात रुग्णाचे रक्त पातळ झालेले असेल, म्हणजे हिमॅटोक्रिट कमी असेल, तर अनेक स्ट्रिप्स साखर आहे त्याहून जास्त दाखवतात, आणि चूक नेमकी धोक्याच्या दिशेने होते: खरी साखर ९५, स्ट्रिपवर ११५, पडदा निश्चिंत. आमच्याकडे आर्टेरियल लाइनचे रक्त एबीजी मशीनवर (रक्तातील वायूंबरोबर साखरही मोजणाऱ्या यंत्रावर) लावून तोच आकडा भरतात. लाइनमधले पहिले काही मिली रक्त बाजूला काढल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, हा जुना धडा येथेही तितकाच लागू आहे.

एवढ्या तक्रारींनंतर वाचकाला वाटेल की मला हा प्रोग्राम नकोसा आहे. तसे नाही, आणि याचे कारण गणिताच्या बाहेरचे आहे. कागदी तक्त्याच्या काळात साखर खाली जाण्याचे आमचे बहुतेक प्रसंग चुकीच्या मात्रेमुळे होत नसत, तर उशिरा झालेल्या तपासणीमुळे होत. सहाची तपासणी सव्वासातला होई, कारण सहाला शेजारच्या खाटेवर झटका आलेला असे, आणि साडेसहाला हँडओव्हर सुरू होई. प्रोग्रामचे घड्याळ थांबत नाही. वेळ झाली की तो पडद्यावर आणि मध्यवर्ती फलकावर दिसतो, दहा मिनिटे उशीर झाला की आवाज करतो, आणि उशीर झालेल्या प्रत्येक तपासणीची नोंद ठेवतो. सुरुवातीला आम्हा सर्वांना हा पहारा जाचक वाटला. सहा महिन्यांनी त्याच नोंदींच्या आधारे विभागप्रमुखांनी रात्रपाळीला एक जास्त परिचारिका मागून घेतली, तेव्हा जाच जरा कमी वाटू लागला. या घड्याळासाठी मी प्रोग्रामला पूर्ण गुण देते. फक्त त्याचा आवाज सिरिंज पंपाच्या आवाजासारखा आहे, आणि बारा खाटांच्या विभागात कोणता आवाज कशाचा हे कानाला कळेनासे होते.

दुसरी चांगली बाजू स्टेरॉइडच्या रुग्णांत दिसते. मेंदूच्या गाठीच्या रुग्णाला डेक्सामेथासोन सुरू असते. सकाळी मात्रा दिली की दुपारनंतर साखर चढू लागते आणि रात्री उशिरा उतरते. ठरावीक तक्ता या लाटेच्या नेहमी एक पाऊल मागे असे. प्रोग्रामचा गुणक लाटेबरोबर चढतो आणि उतरतो, आणि उतरतानाची सावधगिरी विशेष चांगली आहे. शिरेतील इन्शुलिन बंद करून त्वचेखालच्या इन्शुलिनवर जाताना तो जी मात्रा सुचवतो तीही डॉक्टरांच्या हिशेबाशी बहुधा जुळते. पोटॅशियमबद्दल मात्र तो अवाक्षर काढत नाही. इन्शुलिनने पोटॅशियम पेशींत जाते आणि रक्तातले कमी होते हे विद्यार्थ्यालाही ठाऊक असते, तरी निदान एक आठवण पडद्यावर यायला हरकत नव्हती.

जुन्या मधुमेही रुग्णांचा प्रश्न अर्धवट सुटलेला आहे. वर्षानुवर्षे २२० वर राहिलेल्या माणसाला १४० वर आणणे म्हणजे त्याच्या मेंदूच्या दृष्टीने अचानक कपात असते. मेंदूतील रक्तस्रावाच्या ७०३६ रुग्णांवरील ‘इंटरॅक्ट-३’ या २०२३ च्या अभ्यासात इतर उपायांबरोबर साखरेचेही दोन वेगळे पट्टे ठेवले होते, मधुमेह नसलेल्यांसाठी ११० ते १४० आणि मधुमेहींसाठी १४० ते १८०. आमच्या प्रोग्राममध्ये रुग्णागणिक पट्टा बदलता येतो, पण दाखल करताना तो मधुमेहाबद्दल विचारत नाही. मूळ पट्टा गुपचूप लागतो आणि कोणाच्या लक्षात आले तरच बदलला जातो. आम्ही आता एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचा, निकाल आल्याशिवाय पट्टा कायम करत नाही.

प्रोग्राम चांगला असेल तर साखर पुन्हा खाली खेचायला हरकत नाही, असे विक्रेत्यांकडून सुचवले जाते, आणि येथे मी त्यांच्याशी सहमत नाही. तीव्र पक्षाघाताच्या ११५१ रुग्णांवर झालेल्या ‘शाइन’ चाचणीत, जिचे निकाल २०१९ मध्ये आले, काटेकोर गटाला संगणकाच्या मदतीनेच इन्शुलिन दिले होते. ८० ते १३० चे उद्दिष्ट असलेल्या गटात २०.५ टक्के रुग्ण चांगले सुधारले, सैल गटात २१.६ टक्के, आणि साखर ४० च्या खाली गेलेले १५ रुग्ण होते ते सर्व काटेकोर गटातले. पुढे २०२३ मध्ये बेल्जियममध्येच ९२३० रुग्णांवर, अधिक प्रगत संगणकी पद्धतीने, ८० ते ११० चे उद्दिष्ट पुन्हा तपासले गेले. या वेळी साखर अति खाली जाण्याचे प्रमाण काटेकोर गटात १ टक्का आणि सैल गटात ०.७ टक्के इतकेच राहिले, हे संगणकाचे यश मान्य केले पाहिजे. मात्र अतिदक्षता विभागातील दिवस किंवा मृत्यू त्याने कमी झाले नाहीत. म्हणून आमच्या विभागात पट्टा १४० ते १८० वरच ठेवला आहे आणि मला तेच बरोबर वाटते.

गेल्या काही महिन्यांत कंपनीने त्वचेखालच्या संवेदकाची जोड देऊ केली आहे. दंडावर चकती लावायची आणि दर पाच मिनिटांनी आकडा थेट प्रोग्राममध्ये येणार, असे ते आहे. आम्ही ती चार रुग्णांवर वापरून पाहिली. आकडा किती आहे यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे हे सांगणारा बाण उपयोगी वाटला. त्या सीटीच्या रात्री तो बाण असता तर पन्नास मिनिटे वाया गेली नसती. परंतु त्वचेखालची साखर रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असते, सूज आणि नॉरॲड्रेनलिन असले की ती आणखी भरकटते, आणि आम्हाला दिलेला संवेदक एमआरआयच्या आधी काढून टाकावा लागतो. मेंदूच्या विभागात ही शेवटची अट म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी नवी चकती. सध्या आम्ही बाण पाहतो आणि मात्रा एबीजीच्या आकड्यावर ठरवतो.

आमचा करार नूतनीकरणाला आला तेव्हा परिचारिकांचे मत विचारले गेले आणि मी होकार लिहिला, कारण घड्याळ परत द्यायची माझी तयारी नाही. शेजारच्या एका लहान विभागातल्या सिस्टरने मात्र याच प्रोग्रामबद्दल सल्ला विचारला, तेव्हा मी तिला आधी घेऊ नका असे सांगितले. त्यांच्याकडे एबीजी मशीन एकच आहे, तेही दुसऱ्या मजल्यावर, आणि नमुना घेऊन गेलेला माणूस परत यायला वीस मिनिटे लागतात. अशा ठिकाणी तासाभराने मागितलेला आकडा ग्लुकोमीटरवरच घेतला जाणार हे उघड आहे. त्यांनी ते पैसे आधी खाटांजवळच्या दुसऱ्या मशीनवर घालावेत.